ॲबट बूबी

हिंदी महासागरातील एक दुर्मिळ व संकटग्रस्त समुद्रपक्षी. पक्षिवर्गाच्या सुलिफॉर्मीस गणातील सुलिडी कुलात याचा समावेश होतो. गॅनेट आणि बूबी हे पक्षी याच कुलातील होत. शास्त्रीय नाव पापासुला ॲबटाय. जावाच्या दक्षिणेस सु. ३५० किमी. अंतरावर असलेल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातील ख्रिसमस बेटावरच या पक्ष्याची आज वीण होते. या बेटाचे क्षेत्रफळ सु. १३५ चौ. किमी. आहे. एखाद्या जातीचे सर्व भवितव्य एवढ्या लहान भूमीवर अवलंबून असल्याची उदाहरणे बेटांवरील पक्ष्यांत पुष्कळ आढळतात. परंतु ॲबट बूबीची गोष्ट वेगळी आहे. समुद्रावर शेकडो किलोमीटर फिरणारा हा पक्षी वीण मात्र घनदाट वर्षावनातील उंच झाडांच्या शेंड्यांवर करतो, आणि नेमकी ती झाडे ज्या जमिनीवर उगवतात त्याच जमिनीत फॉस्फेटाचे साठे आहेत. या पक्ष्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास हा पुष्कळ अंशी या योगायोगाचा इतिहास आहे.

‘बूबी’ हे नाव मूर्ख या अर्थाच्या ‘बोबो’ या स्पॅनिश शब्दावरून आले असे मानतात. माणूस जवळ आला तरी न उडणाऱ्या या पक्ष्यांना खलाशी हातांनी पकडीत व मारून खात. नाव देणाऱ्यांनी पक्ष्यांचा निर्भयपणा हा मूर्खपणा मानला. निर्मनुष्य बेटांवर वाढलेल्या प्राण्याला माणसाची भीती नसावी हे स्वाभाविक आहे, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

लक्षणे : ॲबट बूबीची लांबी सु. ८० सेंमी., पसरलेल्या पंखांची रुंदी जवळजवळ १९० सेंमी. व वजन सु. १.५ किग्रॅ. असते. डोके, मान व पोट शुभ्र पांढरे. पंखांची वरची बाजू व शेपूट काळी. डोळ्याभोवती काळा डाग आणि मांडीजवळ दोन्ही बाजूंस एकेक काळा पट्टा असतो. पाठीवर व पंखांच्या मुळाशी पांढरे ठिपके विखुरलेले असतात. पंखांची खालची बाजू मात्र पांढरी असते. पंख लांब व अरुंद असून मान लांबट आणि डोके मोठे दिसते. इतर बूबींच्या तुलनेत त्याचे उडणे संथ भासते. नर व मादी यांची पिसे सारखीच असल्याने त्यांतील फरक चोचीवरून ओळखतात : नराची चोच निळसर करडी, तर मादीची गुलाबी असते; दोघांच्याही चोचीचे टोक काळे असते. उडू लागलेले पिलू प्रौढ नरासारखेच दिसते. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण इतर बूबींची पिले बहुधा तपकिरी किंवा मळकट रंगाची असतात आणि त्यांचा वेष प्रौढ पक्ष्यांहून स्पष्टपणे वेगळा असतो.

समुद्रावर दुरून पाहताना या पक्ष्याची गल्लत दोन जातींशी होऊ शकते. मुखवट्याचा बूबी (सुला डॅक्टिलाट्रा) हाही काळापांढरा व आकाराने मोठा असतो. परंतु त्याच्या पंखांच्या केवळ मागच्या कडा काळ्या असतात, चोच पिवळी असते आणि चोचीच्या मुळाशी काळा मुखवटा असतो. हाच पक्षी पावसाळ्यातील वादळी वाऱ्यांबरोबर कधीकधी कोकण किनाऱ्यावर येऊन पडतो. तांबड्या पायांचा बूबी (सुला सुला) आकाराने बराच लहान असून पायांच्या रंगावरून जवळून सहज ओळखता येतो. तोही ख्रिसमस बेटावर झाडांवरच काटक्यांचे घरटे बांधतो, पण किनाऱ्यालगतच्या बुटक्या झाडांवर. बेटावरील तिसरी जाती, तपकिरी बूबी, जमिनीवर व कड्यांवर वीण करते. पाहणाऱ्याने पंखांच्या वरच्या बाजूकडे नजर ठेवणे सर्वांत सोयीचे : खांद्यापासून टोकापर्यंत काळा पंख, पांढरे डोके व काळी शेपूट असा मेळ कुलातील दुसऱ्या कोणत्याही पक्ष्यात आढळत नाही. रात्री किंवा दाट जंगलात मात्र ओळख आवाजावरूनच पटते. हा आवाज खोल, घोगरा व बैलाच्या हंबरण्यासारखा असतो.

शोधाचा इतिहास : ॲबट बूबीचा पहिला नमुना विल्यम लूइस ॲबट (१८६०–१९३६) या अमेरिकन निसर्गसंशोधकाने १८९२ मध्ये पश्चिम हिंदी महासागरातील ॲसम्प्शन बेटावर मिळविला. सेशेल्स द्वीपसमूहातील ॲल्डाब्रा गटात हे बेट येते. ॲबट शिक्षणाने डॉक्टर होता, परंतु वैद्यकी न करता त्याने आपले आयुष्य व स्वतःची संपत्ती आफ्रिका व आशिया येथील प्राणी गोळा करण्यात घालविली, आणि हे संग्रह वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयाला दिले. त्या संग्रहालयातील पक्षिविभागाचा प्रमुख रॉबर्ट रिजवे याने १८९३ मध्ये या कातड्याचे वर्णन प्रसिद्ध करून पक्ष्यास सुला ॲबटाय असे नाव दिले. तो काय खातो, घरटे कोठे करतो किंवा त्याची संख्या किती आहे, यांविषयी संग्रहालयातल्या कातड्यावरून काहीच कळण्यासारखे नव्हते. एखाद्या जातीस नाव मिळणे आणि ती जाती समजणे यांत किती अंतर असते, याचे हे चांगले उदाहरण आहे. या पक्ष्याच्या बाबतीत ते अंतर कापण्यास पाऊण शतक लागले.

ॲसम्प्शन बेटावरील पक्ष्यांना तेवढी सवड मिळाली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे ग्वानो (पक्ष्यांच्या विष्ठेपासून झालेले खत) खणण्यास सुरुवात झाली. ॲसम्प्शन हे ख्रिसमस बेटाहून कितीतरी लहान असून त्याची झाडी विरळ होती. खाणकामाबरोबर झाडे गेली, मजूर पक्षी मारून खात, आणि काही दशकांतच तेथील ॲबट बूबी नाहीसे झाले. नमुन्याचे मूळ ठिकाण म्हणून शास्त्रीय साहित्यात ज्या बेटाचे नाव आजही येते, तेथे हा पक्षी नाही.

पूर्वी या जातीचा प्रसार याहून पुष्कळ विस्तृत होता, हे हाडांवरून कळते. मॅस्करीन बेटांवर त्याचे अवशेष मिळाले आहेत. त्याहून आश्चर्यकारक शोध प्रशांत महासागरातील मार्केझस बेटांवर लागला. तेथील प्राचीन वसाहतींच्या उत्खननात सापडलेल्या हाडांवरून १९८८ मध्ये या पक्ष्याची एक निराळी, आता नामशेष झालेली उपजाती वर्णिली गेली. ही हाडे माणसांच्या वस्तीच्या थरांत, अन्नाच्या उरल्यासुरल्या अवशेषांबरोबर मिळाली. पॉलिनीशियन लोक या बेटांवर आले तेव्हा तेथे हा बूबी होता व त्यांनी तो खाल्ला, असा याचा सरळ अर्थ आहे. तेव्हा ख्रिसमस बेटावरील पक्षी हे एके काळी दोन महासागरांत पसरलेल्या जातीचे उरलेले टोक आहे. माणूस जेथे जेथे लवकर पोचला तेथून हा पक्षी लवकर गेला. ख्रिसमस बेटावर माणूस सर्वांत उशिरा पोचला.

ख्रिसमस बेट : इंग्लिश जहाजाचा कप्तान विल्यम मायनर्स याने २५ डिसेंबर १६४३ रोजी या बेटाजवळून जाताना त्यास हे नाव दिले. समुद्रातून उभे उठलेले कडे, अंतर्भागी दाट जंगल आणि जहाज नांगरण्यास जागा नाही, अशा स्थितीमुळे पुढील अडीचशे वर्षे बेटावर कायमची वस्ती झाली नाही. १८८७ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांनी बेटाची पाहणी करून खडकांचे व प्राण्यांचे नमुने आणले. ‘चॅलेंजर’ या सागरी मोहिमेतील संशोधक जॉन मरे याने त्या खडकात जवळजवळ शुद्ध फॉस्फेट ओळखले. त्याच्या आग्रहावरून ब्रिटनने जून १८८८ मध्ये बेट आपल्या राज्यास जोडले. १८९१ मध्ये मरे व कोकोस बेटांचा धनी जॉर्ज क्लूनीज-रॉस यांना बेटाचा पट्टा मिळाला, १८९७ मध्ये फॉस्फेट कंपनी स्थापन झाली आणि लवकरच चिनी व मलायी मजुरांच्या हातांनी खाणकाम सुरू झाले. बेटाचा कारभार सिंगापूरहून चाले आणि पोलिसांत शीख शिपाई असत.

मरे हा केवळ उद्योजक नव्हता, शास्त्रज्ञही होता. माणसाने बदल घडविण्यापूर्वी बेटाची नीट नोंद व्हावी म्हणून त्याने स्वतःच्या खर्चाने ब्रिटिश म्यूझीयममधील चार्ल्स विल्यम अँड्रूज यास तेथे पाठविले. अँड्रूज १८९७–९८ मध्ये सु. दहा महिने बेटावर राहिला, आणि १९०० मध्ये त्याचा बेटावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ॲबट बूबी येथे मोठ्या संख्येने आहे आणि त्याची घरटी पठारावरील अत्यंत उंच झाडांवर असतात, हे अँड्रूजमुळे कळले. १९०८ मध्ये तो पुन्हा आला तेव्हा बेटावरील दोन स्थानिक जातींचे उंदीर, जे दहा वर्षांपूर्वी रात्री सर्वत्र दिसत, पूर्णपणे नाहीसे झालेले होते. जहाजांतून आलेल्या काळ्या उंदरांबरोबर एक रोग पसरला व त्याने ते मेले असावेत, या तर्कास पुढे जुन्या नमुन्यांच्या तपासणीने पुष्टी मिळाली आहे. जाणूनबुजून ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा दोन नोंदी करून ठेवलेली उष्ण कटिबंधातील बेटे फार थोडी. आणि त्या नोंदींचा खर्च खाण काढणाऱ्यानेच केला होता, ही गोष्ट विसरता येत नाही.

पुढील चाळीस वर्षे या पक्ष्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९३८ ते १९४० या काळात बेटावर वैद्यकीय अधिकारी असलेल्या सी. ए. गिब्सन-हिल याने तेथील समुद्रपक्ष्यांवर टिपणे केली. ती १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली. मधल्या काळात, १९४२ ते १९४५, बेट जपानी सैन्याच्या ताब्यात होते. १९४८ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या सरकारांनी फॉस्फेटाचे हक्क विकत घेतले आणि १ ऑक्टोबर १९५८ रोजी बेटाचे स्वामित्व ऑस्ट्रेलियाकडे आले. दोन्ही देशांच्या कुरणांना व गव्हाच्या शेतांना सुपरफॉस्फेट खत हवे होते. मागणी वाढली, यंत्रे आली आणि कुदळी-घमेल्यांनी चालणारे काम प्रचंड खोदयंत्रांनी होऊ लागले.

फॉस्फेट चुनखडीच्या सुळक्यांमधील खोलगट जागांत मातीच्या रूपाने साठलेले असते. ते काढण्यासाठी प्रथम जंगल साफ करावे लागते व नंतर माती खरवडून न्यावी लागते. मागे उरतात ते उघडे सुळके; त्यांवर पुन्हा जंगल आपोआप येत नाही. जेथे मातीचा थर खोल तेथे फॉस्फेट जास्त, आणि जेथे माती खोल तेथेच झाडे सर्वांत उंच. ॲबट बूबी घरट्यासाठी इतर झाडांच्या वर डोके काढलेले उंच झाड निवडतो, कारण त्याच्या लांब पंखांना उतरण्यास व उडण्यास मोकळी जागा लागते. त्यामुळे पक्ष्यांच्या घरट्यांचा नकाशा व कंपनीचा खाणींचा नकाशा बऱ्याच अंशी एकच झाला. खाणकामासाठी बेटावरील सु. एकचतुर्थांश वन आजवर तोडले गेले आहे.

नेल्सनचे संशोधन : या पक्ष्याचा जीवनक्रम प्रथम उलगडला तो ब्रायन नेल्सन (१९३२–२०१५) या ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञाने. स्कॉटलंडमधील बास रॉक येथील गॅनेटांवर व नंतर गालॅपागस बेटांवरील बूबींवर काम केल्यानंतर तो १९६७ मध्ये ख्रिसमस बेटावर आला. त्याचा या जातीवरील सविस्तर लेख १९७१ मध्ये आणि संपूर्ण कुलावरील ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. कुलातील सर्वच जातींशी त्याचा परिचय असल्याने ॲबट बूबीतील वेगळेपण त्यास चटकन दिसले.

इतर जातींत नर-मादीची भेट हा बराच धसमुसळा प्रकार असतो. गॅनेटाचा नर मादीच्या मानेस कडकडून चावतो, शेजाऱ्यांत चोचींची झुंज होते, पिले अन्नासाठी आईबापांच्या चोचीवर तुटून पडतात. ॲबट बूबीत यातले काहीच नाही. जोडीदार फांदीवर एकमेकांसमोर काही अंतर राखून उभे राहतात, माना हलवितात, पंख पसरून वाकतात व घोगऱ्या आवाजात ओरडतात. एकमेकांना चोच लावणे ते टाळतात. पिलूही अन्न मागताना संयम राखते. नेल्सनने याचे कारण त्या जागेतच शोधले. घरटे जमिनीपासून दहा ते चाळीस मी. उंचीवर, हलत्या फांद्यांवर असते. तेथून तोल गेलेला पक्षी खालच्या झाडोऱ्यातून आपटत जमिनीवर येतो, आणि लांब पंखांमुळे जंगलाच्या तळावरून त्यास पुन्हा उडता येत नाही. चढून जाता आले नाही तर तो उपासाने मरतो. अशा ठिकाणी भांडणाची किंमत मृत्यू हीच असल्याने भांडखोर स्वभाव टिकून राहिला नाही. शरीराची ठेवण आणि वागणूक यांचा इतका थेट संबंध दाखविणारी उदाहरणे पक्षिशास्त्रात थोडी आहेत, आणि प्रस्तुत जातीविषयीच्या सर्व लेखनात हा भाग सर्वांत मोलाचा मानावा लागेल.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे प्रजननाची कमालीची मंद गती. एका वेळी एकच अंडे घातले जाते. ते मोठे असून त्याचे वजन सु. ११० ग्रॅ. असते. कुलातील इतर पक्ष्यांप्रमाणे नर व मादी आळीपाळीने पायांच्या पडद्याखाली धरून ते उबवितात. उबवणीस सु. ५७ दिवस लागतात. पिलू पाच महिन्यांच्या सुमारास उडू लागते. परंतु त्यानंतरही ते अनेक महिने जन्मझाडावर परत येऊन आईबापांकडून अन्न घेते. अंड्यापासून पिलू स्वतंत्र होईपर्यंत सव्वा वर्ष किंवा अधिक काळ जातो. त्यामुळे यशस्वी ठरलेली जोडी दोन वर्षांतून एकदाच वीण करू शकते. बहुतेक अंडी एप्रिल ते जुलै या काळात घातली जातात आणि पिलू नुकते उडू लागते तेव्हा, डिसेंबरपासून पुढे, वायव्य मोसमी पाऊस सुरू होतो. वादळी हवेत समुद्रावर अन्न मिळविणे कठीण होते, फांद्या हेलकावतात आणि या महिन्यांत पुष्कळ पिले उपासाने किंवा पडून मरतात. उडते मासे व स्क्विड हे त्याचे मुख्य खाद्य.

वीण करण्यायोग्य होण्यास पक्ष्यास कित्येक वर्षे लागतात. पण प्रौढ पक्षी दीर्घायुषी असून अनेक दशके जगतो. या हिशेबाचा परिणाम असा, की पिलांच्या मृत्यूने या जातीचे लगेच फारसे बिघडत नाही, मात्र प्रौढ पक्षी मरू लागले तर ती घट भरून निघण्यास पिढ्या लागतात. शिवाय पक्षी दीर्घायुषी असल्याने झाडांवर प्रौढ जोड्या दिसत राहतात आणि वरवर पाहणाऱ्यास सारे ठीक आहे असे वाटते. घट झालीच, तर ती उशिरा लक्षात येते.

संरक्षणाचा प्रश्न : नेल्सनने केलेल्या प्रसिद्धीमुळे आणि इतर निसर्गप्रेमींच्या आग्रहामुळे ऑस्ट्रेलियाच्या लोकप्रतिनिधिगृहाच्या समितीने बेटावरील संकटग्रस्त जातींची चौकशी केली व १९७४ मध्ये अहवाल दिला. बेटावर संरक्षण अधिकारी नेमला गेला आणि १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. १९८६ व १९८९ मध्ये त्याची हद्द वाढविण्यात आली; आज ते सु. ८५ चौ. किमी. म्हणजे बेटाच्या जवळजवळ दोनतृतीयांश भागावर आहे. १९८७ च्या अखेरीस सरकारने खाण बंद केली. मजुरांच्या वस्तीचा सारा चरितार्थ खाणीवर असल्याने ती अडचणीत आली. अखेर कामगारांच्या भागीदारीतील कंपनीने १९९१ मध्ये काम पुन्हा सुरू केले. मात्र अस्पर्शित वर्षावन तोडू नये, ही त्यातील अट होती. त्यानंतर नव्या जमिनीसाठी आलेले अर्ज एकाहून अधिक वेळा फेटाळले गेले. या वादात केवळ पक्षी विरुद्ध लोभ असे चित्र रंगविणे अन्यायाचे होईल. बेटावरील चिनी व मलायी कुटुंबांना दुसरे काम सहज उपलब्ध नव्हते, आणि खतांचा लाभ दूरच्या शेतकऱ्यांनी घेतला होता.

तोड थांबल्यावर पक्षी सुरक्षित झाला असे वाटणे साहजिक होते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ही समजूत खोडली. बेटावर वर्षाचा बराच काळ आग्नेयीकडून व्यापारी वारे वाहतात. अखंड जंगलावरून ते सारख्या गतीने जातात. परंतु मध्ये साफ केलेले मैदान आले की हवा त्यात खाली कोसळते आणि पलीकडील जंगलाच्या कडेवर आपटून तेथे भोवरे निर्माण होतात. मैदानाच्या वाऱ्याखालील बाजूस सु. ३०० मी. पर्यंतच्या झाडांवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना हे भोवरे बाधतात : उतरताना पक्षी चुकतात, पिले खाली पडतात आणि अशा ठिकाणी विणीचे यश कमी राहते. ॲबट बूबी आपल्या जागेशी अत्यंत निष्ठावान असल्याने ती वाईट झाली म्हणून तो सोडून जात नाही. म्हणजे जे झाड तोडलेच नाही त्यावरील पक्षीही तोडीने मारला जात होता. या निष्कर्षामुळे पुनर्वनीकरणाचे धोरण बदलले. घरट्यांच्या जवळची मैदाने आधी भरून काढावीत असे ठरले. खाणपट्ट्यांवर दुसरीकडून माती आणून पसरली गेली व रोपे लावली गेली. या कामासाठी निर्यात होणाऱ्या फॉस्फेटावर कर बसविण्यात आला. निसर्ग स्वतः करतो ते नुकसान निराळेच : १९८८ मध्ये आलेल्या वादळानेही पुष्कळ घरटी असलेली झाडे पाडली.

यापेक्षा अनपेक्षित संकट एका मुंगीच्या रूपाने आले. पिवळी वेडी मुंगी (ॲनोप्लोलेपिस ग्रॅसिलिपीस) विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जहाजांतून बेटावर आली होती आणि कित्येक दशके विशेष उपद्रव न करता राहिली. १९८९ मध्ये तिची पहिली महावसाहत लक्षात आली. अशा वसाहतीत असंख्य राण्या एकत्र नांदतात व सीमाभांडणे नसल्याने तिचा विस्तार अडत नाही. झाडांच्या रसावर जगणारे खवले कीटक तिला गोड द्रव देतात आणि ती त्यांचे रक्षण करते. ही मुंगी फवारत असलेल्या आम्लाने बेटावरील प्रसिद्ध तांबडे खेकडे मरतात. एक ते दीड कोटी खेकडे याप्रमाणे मेल्याचा अंदाज आहे. हे खेकडे जंगलाच्या तळावरील पाने व रोपे खाऊन तो स्वच्छ ठेवतात. ते नाहीसे झाले की तळाचे स्वरूप बदलते, वर खवले कीटकांमुळे शेंडे वाळतात, आणि बूबीची घरटी ज्या झाडांवर असतात त्यांनाच ग्लानी येते. २००२ मध्ये हेलिकॉप्टरमधून सु. २,५०० हेक्टर क्षेत्रावर विषारी आमिष टाकण्यात आले आणि वसाहती मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या. परंतु त्या पुन्हा उद्भवल्या. अखेर खवले कीटकांवर जगणारी मलेशियातील एक सूक्ष्म गांधीलमाशी डिसेंबर २०१६ मध्ये सोडण्यात आली, म्हणजे मुंगीला मिळणाऱ्या अन्नावरच घाला घालण्यात आला. विषाऐवजी शत्रू आणण्याचा हा उपाय पूर्वी जगात अनेकदा अंगलट आलेला असल्याने तो अंगीकारण्यापूर्वी प्रयोगशाळेत दीर्घ चाचण्या घेतल्या होत्या.

वर्गीकरण : रिजवेने या पक्ष्यास सुला या वंशात ठेवले होते. तथापि नेल्सनला आढळलेले वेगळेपण आणि हाडांची रचना यांवरून १९८८ मध्ये ऑल्सन व वॉरहाइट यांनी त्यासाठी पापासुला हा स्वतंत्र वंश निर्माण केला. आनुवंशिक अभ्यासानेही ही शाखा इतर बूबींपासून फार पूर्वीच वेगळी झाल्याचे दाखविले आहे. तिचे नाते गॅनेटांशी अधिक जवळचे असावे, असे त्यावरून दिसते. त्यामुळे ख्रिसमस बेटावरील ही जाती गेली तर केवळ एक जाती नव्हे, तर एक संपूर्ण वंश जाईल.

१९९१ च्या मोजणीत सु. २,५०० जोड्या आढळल्या. झाडांच्या शेंड्यांवरील घरटी मोजणे अवघड असल्याने सर्व आकडे सावधपणे वाचावे लागतात. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने या जातीस संकटग्रस्त गटात ठेवले असून, वन्य जातींच्या व्यापारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टातही तिचा समावेश आहे. पक्ष्यांच्या शरीरावर लावलेल्या उपकरणांमुळे समुद्रावरील त्यांच्या फेऱ्यांची माहिती मिळू लागली आहे आणि समुद्रातील अन्न व मासेमारी यांचा प्रश्न आता पुढे आला आहे. जंगलात खाली पडलेली तरुण पिले बेटावरील लोक व उद्यानाचे कर्मचारी उचलून आणतात, त्यांना मासे भरवतात व बळ आल्यावर सोडून देतात. खाणपट्ट्यांवर १९८९ पासून लावलेली रोपे आता जंगल म्हणावीत इतकी वाढली आहेत. परंतु बूबीस घरट्यासाठी लागणारे, शेजारच्या झाडांच्या वर डोके काढणारे झाड तयार होण्यास याहून पुष्कळ अधिक काळ लागतो.